वासासकट आडनाव

फुलर बाई कुणालाही आडनाव विचारायच्या, पण आधी स्वतःचं सांगायच्या, तेही वासासकट. "मी फुलर. म्हणजे मुतात कापड तुडवणारे. आपण?" समोरचा पुणेकर असला तर हातातला कप अलगद खाली ठेवायचा.

बाई अँग्लो-इंडियन. घोरपडीच्या एका जुन्या सोसायटीत एकट्या राहायच्या. जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला, मराठी मात्र शनिवार पेठेतल्या सहकारी शिक्षिकांकडून उचललेलं. म्हणजे सगळ्यांना अहो-जाहो, आणि त्या अहोतच चिमटा.

मी यवतमाळचा. पुण्यात शिकायला आलो तो आडनाव टाकूनच. माझं नाव, पुढे आईचं नाव, संपलं. मी चळवळीत पत्रकं लिहितो, तेव्हा पत्रकाच्याच भाषेत सांगतो: या शहरात खोली भाड्याने देताना जात विचारत नाहीत. एवढे ते सभ्य आहेत. ते आडनाव विचारतात. कसबा पेठेत एका घरी मला पाणी दिलं, आडनाव विचारलं, मी ते लावत नाही म्हटल्यावर खोली कालच गेल्याचं त्यांना आठवलं. "तसं काही नाही हो, सहज विचारलं," हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकलं की मोर्चात त्याची घोषणा केली.

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनीही विचारलं. मी भडकून पिशवी उचलली. त्या म्हणाल्या, "नका सांगू. माझं ऐकायला काय हरकत आहे? बसा."

मग मी ते पहिल्यांदा ऐकलं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. ते दाट व्हावं म्हणून हौदात घालून तासन्‌तास पायांनी तुडवायचं. तेल सुटावं म्हणून हौदात घरोघरचं शिळं मूत्र. हे काम करणारा तो फुलर. इंग्लंडच्या उत्तरेला त्यालाच वॉकर म्हणत, नैऋत्येला टकर. तिन्ही घराणी एकाच हौदातली. "तुमच्या मुली चेहऱ्याला मुलतानी माती लावतात ना, ती आम्ही कापडाला लावायचो. इंग्रजीत अजून तिला आमचंच नाव आहे, फुलर्स अर्थ." सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच, नुसती ओळख होती. कुठला जॉन, तर तो तुडवणारा. त्याच्या पोराने दळण दळलं तर तो दळणारा. पुढे कधीतरी ओळख गोठली आणि मासे विकणारा नातूही फुलरच राहिला. त्यातलाच एक शिपाई पलटणीबरोबर पुण्याच्या छावणीत आला, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. तो बाईंचा पणजोबा.

खोली मिळाली.

बाईंच्या भाच्याने एकदा परदेशातून फुलर घराण्याचं कुलचिन्ह आणलं. ढाल, मुकुट आणि जीभ बाहेर काढलेला सिंह, सोनेरी चौकटीत. बाईंनी भाच्याचे आभार मानले आणि तो गेल्यावर चौकट न्हाणीघरात बादलीच्या वर टांगली. म्हणाल्या, "अशी चिन्हं एकेका माणसाला मिळत, आडनावाला नाही. दुकानदाराने याला फसवलंय. आणि सिंह आमच्या हौदाजवळ उभा तरी राहिला असता का?"

आमचं भांडण ठरलेलं होतं. माझं 'आडनावं टाका' हे पत्रक त्यांनी लाल पेनाने तपासून दिलं, सही मात्र दिली नाही. "तुम्ही टाकलंत. विचारणाऱ्याच्या डोक्यातलं पडलं का? उलट अर्थ सांगत सुटा. लोक कंटाळून विचारायचं बंद करतील." मी म्हटलं, बाई, तुमच्या फुलरचा पणतू न्यायाधीश झाला तर त्याच्या हाताचा वास कुणी घेतला नाही. माझ्या पणजोबाचं काम सुटून पिढ्या गेल्या, तरी माझ्या हातचं पाणी घेताना लोक थांबतात. बाईंनी पत्रक पुन्हा वाचलं. मग पेन पुढे करून म्हणाल्या, "हे पत्रकात नाहीये. लिहा."

पुढच्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी पारसनीस वर आले. खाली नावांची नवी पाटी लागणार होती. भाडेकरूचं आडनाव हवं, मूळ गावाकडचं, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी. मी तोंड उघडणार तोच बाईंनी त्यांना चहा विचारला.

"आपण पारसनीस. म्हणजे फारसीत पत्रं लिहिणारे. ही नोटीस फारसीत काढा, लगेच मान्य करते."

पारसनीस म्हणाले, "विषय भाडेकरूचा आहे, मॅडम."

"त्याचं लिहून घ्या. फुलर."

"असं कसं? खोटं आहे हे."

"खोटं कसं? आमच्यात हे असंच लागायचं. काम बघून. हा दर रविवारी मोरीत उभा राहून बादलीत चादरी तुडवतो. गेल्या कित्येक पिढ्यांत आमच्या घरात हे काम कुणी केलेलं नाही. खरा फुलर तोच, मी नुसती नावाची."

पारसनीस चहा न घेता उतरले. पाटीवर आमच्या मजल्यापुढे नुसतं 'फुलर' आलं, आणि खोली राहिली. मी मात्र बाईंवरच चिडलो. मला कुठलंच आडनाव नको, तुमचंही नको, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. खोली हवी आहे ना? मग आज चादरी जरा जोरात तुडवा, पारसनीसांना ऐकू जाऊ दे."

गेल्या वर्षी गुडघे अगदीच थकले, तेव्हा भाची त्यांना इंग्लंडला, लीड्सला घेऊन गेली. विमानतळावर मी रडलो नाही, विमानतळाच्या पार्किंगवाल्याशी भांडलो. महिन्याभराने बाईंचा फोन आला. तिथल्या दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने नाव वाचलं, बाईंच्या सावळ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, फुलर हे लग्नानंतरचं का?

"मी म्हटलं, नाही, बापाचं. तर म्हणते, नाही, म्हणजे खरं कुठलं?"

मी संतापून काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"म्हणाली, सहज विचारलं," त्या म्हणाल्या. मग शाळेतल्या आवाजात: "तुमचं ते पत्रक पाठवा. इंग्रजी मी करते. आणि खाली माझी सही घाला. फुलर अशीच."