हात राखून

मावशी दार कोपराने उघडते. चहाचा कप मनगटाने पुढे सरकवते. उन्हात निघाली की उजवा हात पिशवीत घालते. डास चावला तर नवऱ्याला मारायला सांगते, वर बजावते, "हळू, नख लागेल." आणि कुणी काम सांगितलंच, तर बोटं पसरून सुस्कारा टाकते. "काय करणार, कंपनीचा हात आहे."

हात खरंच कंपनीचा होता. एका फोन कंपनीला जाहिरातीसाठी घरकाम केलेला, खराखुरा हात हवा होता; मावशीचा पसंत पडला. ती जाहिरात आमच्या ऑफिसात तयार होत होती. मी तिथे नवी. साहित्यात एमए झालेल्या मुलीला काय काम द्यावं, कुणाला सुचेना. म्हणून दर आठवड्याला जाऊन हात जसाच्या तसा आहे ना, ते बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अर्धे फोटो फोनचा पोकळ नमुना हातात देऊन काढले होते. उरलेले खरा फोन आल्यावर, पडदा उजळलेला असताना काढायचे. तोवर त्या हाताला साबण नको, सुरी नको, ओरखडा नको. थोड्या दिवसांचा प्रश्न होता.

पण फोनची चिप येईना. इतकी बारीक चिप कारखान्याने आधी कधी केली नव्हती. चिप कापायच्या सिलिकॉनच्या चकत्यांमागून चकत्या वाया जात होत्या. मोठमोठ्या फोन कंपन्या त्याच एका कारखान्याच्या दाराशी ताटकळत उभ्या. आमच्या कंपनीने तर जुनाच फोन नव्या रंगात विकायला काढला.

"अगं, पहिला घाणा बिघडतोच," मावशी म्हणाली. "घाई करू नका म्हणावं त्यांना."

तिचा नवरा, म्हणजे काका, भांडी घासत होते. "तुझं काय जातंय? माझे हात बघ."

"तुमच्या हातांचे फोटो कोण काढतंय?"

मावशीला वाचायला आयुष्यात पहिल्यांदा सवड मिळाली होती. मी तिला रहस्यकथा नेऊन द्यायचे. ओट्याशेजारी स्टुलावर बसून ती मोठ्याने वाचायची. पानं डाव्या हाताने उलटायची. गोष्टीत जिन्यावर पाऊल वाजलं, की पुस्तक मिटायची.

"पुढे?" काका विचारायचे.

"आधी कढई."

असे महिने गेले आणि एकदाची चिप आली. ऑफिसात टाळ्या वाजल्या. मी सांगायला धावले. उद्या फोटो!

मावशीचा चेहरा उतरला. उद्यापासून हात तिचा, आणि भांडीही तिची.

"सुटलो बुवा," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "पण त्या गोष्टीतलं विष कुणी कालवलं?"

"आता कुठली सवड? तुम्हीच वाचा."

"मला कुठे दिसतंय इतकं बारीक?"

सकाळी काकांचा फोन आला. "गाडी पाठवू नका. हिने बोट कापून घेतलं. सुरीची सवय गेली ना! काय रक्त गेलं म्हणून सांगू!"

"चिप आली आणि बोट गेलं," साहेब डोकं धरून म्हणाले.

मी तडक घरी गेले. मावशी स्टुलावर होती. काका तिच्या बोटाला भलंमोठं बँडेज गुंडाळत होते.

"कण्ह जरा," ते पुटपुटले.

"आई गं," मावशी म्हणाली आणि तिने पान उलटलं. त्याच उजव्या हाताने.

 मी साहेबांना फोन करून सांगितलं, जखम खोल आहे.

ओट्यावरच्या सुरीला रक्ताचा डागही नव्हता. शेजारी बटाटा. काकांनी अर्धाच सोललेला, साल लोंबत असलेला.