आधी जुने धागे शोधा

लिस्प या जुन्या संगणकभाषेसाठी आम्ही पुण्यातली काही माणसं एक ऑनलाइन गट चालवतो. गटावर कसं लिहावं याचे नियम माझे. विषय स्पष्ट लिहा, आधी जुने धागे म्हणजे गटावरच्या जुन्या चर्चा शोधा, घरगुती कहाण्या नकोत. लोक नियम वाचत नाहीत आणि माझं डोकं फिरतं. महिन्याआड कोणीतरी विचारतंच, लिस्पसाठी बटणं, मेनू असलेलं, माउसवर चालणारं काही आहे का. आम्ही सगळे कीबोर्डवरच्या दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबून वर्षानुवर्षं काम करतोय, तुम्हालाच काय धाड भरली?

गेल्या वर्षी एका बाईंनी तेच विचारलं. मी लिहिलं, "आधी जुने धागे शोधावेत. माउसचीच हौस असेल तर चित्रं काढावीत." खाली भराभर अंगठे आले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढच्या रविवारी सदाशिव पेठेत एका क्लासच्या खोलीत गटाची बैठक होती. त्या बाई विश्रांतवाडीहून रिक्षाने आल्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. कंपनीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती, पूर्वीचं काम जमलं तर ठीक, नाहीतर राजीनामा. कळा एकामागून एक दाबायची सोय असते, तीही त्यांनी वापरून पाहिली होती. तासाभरात हात भरून येतो म्हणाल्या.

मला त्यांचाच राग आला. हे आधी लिहायला काय झालं होतं? तसं विचारलंही, चांगल्या चढ्या आवाजात.

"घरगुती कहाण्या नकोत, असं आपणच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि जुने धागे शोधले मी, पार पहिल्यापासून. सगळीकडे आपलंच उत्तर आहे, आधी शोधा म्हणून. पण अहो, तसं काही आहे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी कानशिलं तापली होती, आणि आता तो राग काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकदाही शोधलं नव्हतं. महिना संपायला नऊ दिवस होते.