आमच्या जीपचे बिडाचे ड्रम

लग्नसराईत आमच्या घरी माणसांपेक्षा बांबू जास्त असत. पेठ नाक्याजवळ दोन खोल्या, पुढे ऐसपैस अंगण, आणि त्या अंगणात मांडवाचे खांब, कनाती, सतरंज्या, पंगतीची पातेली. मांडव आणि भांडी भाड्याने द्यायचा आमचा धंदा. ऐंशी साल उजाडायच्या आसपासची ही गोष्ट. माल न्यायला सरकारी लिलावातली एक जुनी जीप होती आणि तिच्यामागे देवळालीच्या लष्करी लिलावात मिळालेला दोन चाकांचा ट्रेलर. आमचे हे त्या जीपला रोज सकाळी फडक्याने पुसत. माझ्याकडे बघायला मात्र त्यांना संध्याकाळ होई. मी तिला सवत म्हणायची आणि हे खूश होऊन हसायचे.

त्या वर्षी ऐन हंगामात सवतीचे ब्रेक कमी पडायला लागले. नाक्यावरचा मिस्त्री आमचा घरचाच माणूस. निफाडकडचा, बोलायला तुटक, पण हाताला साफ. आसपासचे सगळे ड्रायव्हर घाटात उतरायच्या आधी त्याच्याकडे ब्रेक दाखवून जात. त्याने मागची चाकं खोलली आणि मला बोलावून दाखवलं. चाकाच्या आत बिडाचा ड्रम असतो, खोल पातेल्यासारखा. पाय दाबला की आतले लायनर त्याला घासतात आणि गाडी थांबते. आमचे ड्रम लेथवर खरडून खरडून पापडासारखे झाले होते.

"वैनी, आता ह्यात खरडायला काय ऱ्हायलं नाय," मिस्त्री म्हणाला. "अन् तुमच्या ट्रेलरला सोताचा ब्रेक नाय. त्याचं समदं वझं ह्या दोन ड्रमांवर."

मग आमच्याकडे आठ दिवस दुसरा विषय नव्हता. यांना कंपनीचेच ड्रम हवे होते, मुंबईहून मागवलेले, खोक्यातले. भद्रकालीच्या भंगार बाजारात जुने मिळत होते, पण दुसऱ्याने झिजवलेलं आपण कशाला घ्या? तिसरी वाट मिस्त्रीने सांगितली. सातपूरला त्याच्या ओळखीचा एक जण छोट्या भट्टीत ड्रम ओतायचा. कंपनीच्या निम्म्यात जोडी. यांनी नाक मुरडलं. मी हट्टाला पेटले. कंपनीचे ड्रम घेतले असते तर नव्या कनाती राहिल्या असत्या, आणि ठिगळाची कनात लावली की नवरीकडची बाई कोणाला बोलते? मला!

शेवटी तिघं सातपूरला गेलो. भट्टीच्या दाराशी सहा ड्रम मांडले होते. मिस्त्रीने प्रत्येक ड्रम उचलून टांगता धरला आणि पान्याने हलकेच वाजवला. चीर असली तर आवाज बसका येतो, म्हणाला. मला हसू आलं. माठ घेताना आम्ही बायका दुसरं काय करतो? मी पदर खोचला आणि बोटाच्या पेराने एकेक वाजवून दोन बाजूला काढले. मिस्त्रीने पुन्हा पान्याने वाजवून पाहिले, जाडी मापली आणि यांना म्हणाला, "भाऊ, वैनीनं निवडले तेच घ्या. लय खणखणीत हायत." परत येताना मी जीपमध्ये ताठ मानेने बसले होते.

आमच्या घरात नवी वस्तू हळदीकुंकवाशिवाय वापरात येत नसे. म्हणून ड्रम त्या दिवशी घरी आले, मिस्त्री सकाळी बसवणार होता. मी ते अंगणात स्वच्छ धुतले. दुपारी बघते तर अंगभर तांबूस ठिपके! जीव चरकला. पण बिडाच्या वस्तूचं काय करायचं हे मला आईने शिकवलं होतं. नवा बिडाचा तवा आणला की घासायचा, तापवायचा, गोडं तेल चोळायचं, चार-पाच वेळा जिरवायचं. मग गंज धरत नाही आणि भाकरीही चिकटत नाही. मी तेच केलं. ड्रम भर उन्हात तापवले आणि शेंगदाण्याचं तेल आतून-बाहेरून चोळून जिरवलं. आतून तर जरा जास्तच, कारण घासणार तिथेच ना. वर हळदीकुंकू वाहिलं. ड्रम कसे काळेभोर, तुकतुकीत दिसत होते. यांना काही सांगितलं नाही. स्वयंपाकातलं काय सांगायचं पुरुषांना?

सकाळी मिस्त्रीने ड्रम बसवले. तिसऱ्या दिवशी पेठच्या पुढे एका गावात लग्न होतं. नवरी माझ्या लांबच्या नात्यातली, म्हणून मीही निघाले. मागे भरलेला ट्रेलर, पुढे आम्ही दोघं. सकाळची हवा छान होती, हे गुणगुणत होते. सावळघाटाच्या उतारावर त्यांनी दोन-तीन वळणं ब्रेक दाबत घेतली आणि एकदम गुणगुणणं थांबलं. पाय खाली गेला, जीप मात्र थांबेना. मागून ट्रेलर ढकलत होता. आणि त्याच वेळी मला वास आला. फोडणीचा. रस्त्यावर घर नाही, चूल नाही, आणि कढत शेंगदाणा तेलाचा खमंग वास.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. यांनी करकरत खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि जीप डोंगराच्या अंगाला घासत नेली. ट्रेलर आडवा फिरून चरात कलंडला, त्याच्या ओढीने आम्ही थांबलो. खांब रस्ताभर पसरले, पातेली गडगडत दरीत गेली. यांचं मनगट मुरगळलं होतं. मला खरचटलंसुद्धा नाही. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, पण त्या दिवशी देवाचे हात यांचे होते.

दुसऱ्या दिवशी हे गळ्यात हात अडकवून मिस्त्रीपुढे उभे राहिले. नाक्यावर चहाला आलेले सगळे ड्रायव्हर ऐकत होते. "स्वस्तातला माल गळ्यात मारलात! बायको बाजूला होती माझी! माणसं मारायला बसलात का इथे?" मिस्त्री चाकाशी खाली बसला. त्याने चाक खोललं, लायनरवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि म्हणाला, "चूक माझीच हाय, भाऊ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती माझ्यासमोर चालली होती, आणि चोर मी होते. मी गप्प राहिले. का, ते आज सरळ सांगते: मला भीती वाटली. स्वस्त ड्रमांचा हट्ट माझा, निवड माझी, आणि तेलही माझंच. यांच्या रागापेक्षा जन्मभराच्या टोमण्यांची धास्ती जास्त. आज बोलू, उद्या बोलू करत आठ दिवस गेले. तोवर नाक्यावर पसरलंच होतं की मिस्त्री ब्रेकमध्ये हलका माल घालतो. गाड्या त्याच्या दारावरून पुढे जायला लागल्या. एका दुपारी मी किराणा घेऊन तिथून चालले होते. मिस्त्री रिकाम्या दुकानात बसून पुसलेले पाने पुन्हा पुसत होता. मला माझीच लाज वाटली.

मी तशीच आत शिरले. शेजारी चहाच्या गाड्यावर पाच-सहा ड्रायव्हर होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ड्रमला तेल मी लावलं होतं. तव्याला लावतात तसं. तुमचा माल चांगला होता."

मिस्त्री उठून उभा राहिला. हळू म्हणाला, "मला वासावरनंच कळलं हुतं, वैनी. पर नवा ड्रम पेट्रोलनं धुयाचं काम माझं. त्यावर हळदीकुकू दिसलं, म्हनलं पूजेची वस्तू, कोरड्या फडक्यानं पुसली. मंग चूक माझी नाय तर कोनाची?"

"पण तुम्ही यांना सांगितलं का नाही?"

"अन् भाऊंनी घरी तुमास्नी काय म्हनलं असतं?"

मला रडू आवरेना. घरी जाऊन जेवणाच्या ताटावर यांना सगळं सांगितलं. यांनी हात धुतला आणि उठून गेले. संध्याकाळी जीप मिस्त्रीच्या दुकानात नेऊन लावली.

सकाळी पाहते तर यांनी दुखऱ्या हाताने ट्रेलर भरला होता. मिस्त्रीने रात्रीतच तेच ड्रम धुऊन, तापवून, नवे लायनर घालून दिले होते. हे जीप घेऊन दुकानासमोर थांबले, म्हणाले, "मिस्त्री, बसा." मागच्या बाकावर मी, पुढे ते दोघं. सावळघाट भरल्या ट्रेलरसकट उतरलो. प्रत्येक वळणावर मी बाकाची कड आवळत होते, आणि प्रत्येक वळणावर ब्रेक जागच्या जागी धरत होते.

खाली सपाटीला यांनी गाडी बाजूला घेतली. माफी मागणं यांच्या तोंडाला कधी जमलंच नाही. जीपला तर यांनी माझ्या सख्ख्या भावालाही हात लावू दिला नव्हता. ते खाली उतरले, पलीकडून फिरून आले आणि मिस्त्रीच्या हातात चावी ठेवली. "आता परत नाक्यापर्यंत तुम्ही चालवा. सगळ्यांना दिसू दे."

नाक्यावर सगळ्यांनी पाहिलं. मिस्त्री जीप चालवत होता, शेजारी आमचे हे पुन्हा गळ्यात हात अडकवून ताठ बसले होते, आणि मागे मी पदराने डोळे पुसत होते. चहाच्या गाड्यावरचे ड्रायव्हर उठून उभे राहिले. जीप दुकानासमोर थांबायच्या आतच एक ट्रकवाला पुढे आला आणि म्हणाला, "मिस्त्री, उद्या घाटात जायचंय, माझे ब्रेक बघता का?"