वळणावरचा खटखटाट

आवाज करणारी कुठलीही वस्तू, मग तो मिक्सर असो, पंखा असो की लग्नाच्या मांडवामागचा जनरेटर, आमच्या समोरच्या घरातल्या यंत्रमागवाल्या काकांच्या कानावर आली की निदान झाल्याशिवाय सुटत नाही. निदान बरोबरच असतं असं मी म्हणत नाही. मी हिशेबी माणूस आहे; माझ्या अंदाजाने दहातली चार बरोबर येतात. आमच्या मिक्सरचं बेअरिंग गेलं म्हणून त्यांनी तो पूर्ण खोलला, तेव्हा आत करवंटीचा तुकडा निघाला. "बेअरिंगबी जाणारच होतं की आज ना उद्या," असं म्हणून त्यांनी तुकडा खिशात घातला आणि चहा मागितला. एका लग्नात अक्षता पडत असताना ते मांडवामागून नवरीच्या बापाला दोन्ही हातांनी खुणा करत होते. बिचाऱ्याला वाटलं, मुलाकडचे काही अडून बसलेत. तो घामाघूम होऊन धावत गेला, तर काका म्हणाले, "डिझेलात हवा धरलीय. ऐका की नीट!"

हातांनी बोलायची ही सवय मागांची. काकांच्या घराखाली टॉवेलांचे यंत्रमाग होते. त्या गदारोळात शब्द ऐकू यायचे नाहीत, म्हणून हात नाहीतर ओरडणं. काकू शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या आणि दोघं दिवसभर एकमेकांशी ओरडून तेलुगूत बोलायचे. मग धंदा बसला, माग मोडीत गेले, मुलगा पुण्याला गेला आणि खालच्या जागेत कुणा किराणावाल्याचं गोदाम आलं. तेव्हापासून काकांना झोपायला कूलर लागतो, ऐन थंडीतसुद्धा. एकदा डिसेंबरात ते दुपारी आडवे झाले असताना काकूंनी तो हळूच बंद केला, तर काका ताडकन उठून बसले. "दोरा कुटं तुटला?" दोरा तुटला की माग बंद पडतो, त्यामुळे मागवाल्याला शांतता झाली की आधी तुटलेला दोराच आठवणार.

ते दोघं आता आपसात फारसे बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. माझ्या बायकोने एकदा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "हळू बोलायची सवयच न्हाई ओ आमाला. ओरडलं तर गल्ली ऐकते. मग गपच बसतो."

मोडनिंबजवळच्या शेतात जायला मी एक उंच, मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी घेतली. एक चाक चिखलात नुसतं गरगर फिरू लागलं तर दुसऱ्याला जोर देणारी सोय तिच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्यात आहे. काळ्या मातीत ती कामाची. पण गल्लीत वळवताना मागून खटर्-खटर् असा आवाज यायचा. गॅरेजवाला म्हणाला, सगळं उतरवावं लागेल. काका म्हणाले, "हात लावू देऊ नका त्याला. हिशेबवाले, रविवारी मैदानावर या."

बंद गिरणीच्या मागच्या मैदानात आमचे रविवार सुरू झाले. मी चालवायचो आणि काका मागची सीट दुमडून तिथे सतरंजीवर पालथे पडून जमिनीला, म्हणजे गाडीच्या तळाला, कान लावायचे. आरशात फक्त त्यांचे हात दिसत. मुठीचा अर्थ थांबा असतो हे मला उशिरा कळलं. तोवर मी मूठ बघून वेग वाढवत होतो आणि काका सतरंजीसकट डाव्या दारावर आपटत होते. "हिशेबवाले, मी कान लावलाय, डोकं न्हाई!" तरी तपास पद्धतशीर होता. सरळ रस्त्याला आवाज नाही, म्हणजे बेअरिंग नाही. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी फरक नाही, म्हणजे पिनियनचं दातेरी चाक नाही. मागचे टायर सारख्या मापाचे, म्हणजे तेही कारण नाही. आवाज फक्त हळू आणि आखूड वळणावर, दोन्ही बाजूंना. इतकं कळल्यावर निदान व्हायला हवं होतं, पण काका दर वेळी उठून सतरंजी झटकत म्हणायचे, "अजून एकदा ऐकावं लागेल."

शेवटी माझी बायको वैतागली. लेकीला बाळंतपणाला आणायचं होतं. "असल्या खडखडाटात पोरीला मी बसवणार नाही," असं तिने बजावलं आणि मी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं.

काकांनी झटकायला घेतलेली सतरंजी खाली ठेवली. मग म्हणाले, "तेल बदला. या डिफरन्शियलला तेलात येगळं औषध लागतं, ते कुणी घातलंच न्हाई. आतल्या चकत्या धरून-सोडून खटखट करतात. पहिल्याच रविवारी कळलं होतं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"आमचा कोपऱ्यातला माग असाच वाजायचा ओ. डिट्टो असाच." मग म्हणाले, "औषध घातल्यावर सावकाश आठ काढावे लागतात, आठाच्या आकड्यासारखी गाडी फिरवायची. मग ते चकत्यांत मुरतं. त्या वेळी हिला आणू काय?"

तेल बदलून औषध घातलं, त्या रविवारी काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि मागच्या सीटवर काकांपासून हातभर अंतर ठेवून बसल्या. मी पहिला आठ घेतला. खटर्-खटर् सुरू झालं. काकूंनी चमकून काकांकडे पाहिलं आणि एकदम, अगदी घसा ताणून, तेलुगूत काहीतरी ओरडल्या. काका तेवढ्याच मोठ्याने ओरडले. मग दोघं सुटलेच. खरं तर तो आवाज इतका मोठा नव्हता की ओरडावं लागावं. मला तेलुगू येत नाही. मध्येच मुलाचं नाव कळलं, एकदा 'कांडी' कळलं, आणि काकूंचं हसणं कळलं. मैदानात चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या.

आठामागून आठ होत गेले आणि औषध मुरू लागलं. खटखट विरळ झाली, तसे त्यांचे आवाजही उतरत गेले. पुढे ती फक्त एका वळणावर, तीही पुसटशी येऊ लागली. मग आलीच नाही. गाडी मऊ वळली. मागे दोघं बोलायचे थांबले.

काकूंनी हळूच काहीतरी विचारलं. काकांना ऐकू गेलं नाही. काकूंनी पुन्हा विचारलं, तितक्याच हळू. तेव्हा काका सीटवरून सरकले आणि त्यांच्या अगदी जवळ जाऊन कान देऊन बसले.

काम झालं होतं. तरी मी गाडी थांबवली नाही, आणखी एक आठ काढला.