एकदाच लागलेला लाल दिवा

चाचणीच्या शीतपेटीच्या काचेवर बर्फाची जाळी धरली आहे. आत एक वायरलेस संच गारठतोय, उद्या सैन्याच्या बर्फातल्या चौकीवर जाणारा. सकाळी त्याचा दिवा पापणी लवेपर्यंत लाल झाला. तेव्हापासून तो हिरवाच आहे.

"मॅडम, तुम्हाला भास झाला असेल," शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी म्हणाले. "सगळं ठीक दाखवतोय. पास करून टाकू."

इतकी वर्षं हेच काम करतेय आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढतेच आहे. बिघडलेला संच निदान सांगतो तरी. एकदाच चुकून मग शहाण्यासारखा वागणारा मला झोपू देत नाही. घरी मुलगी "काही नाही गं आई" म्हणाली, तरी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहते.

संचाचं बटण दाबायला मी पेटीच्या बाजूच्या भोकातून हात आत घातला. बोटं बधिर झाली, तसा पटकन बाहेर काढला. चौकीवरच्या माणसाला थंडीतून हात असा कुठे काढता येणार?

"अजून गार करा," मी कुलकर्णींना सांगितलं.

त्यांनी पेटीचं तापमान आणखी खाली नेलं. आता आम्ही दोघं काचेसमोर उभे आहोत, दिवा लाल व्हावा म्हणून. तो होत नाहीये.