तारामावशीला मी जे सांगितलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मावसबहीण रेखाला नाही, भोरमध्ये ज्या एकदोघींशी माझं बोलणं आहे त्यांनाही नाही. सांगायचं ठरवून दोनदा रेखाकडं निघाले, नसरापूरपर्यंत गेले आणि तिथूनच परतीची एस.टी. धरली. तोंडानं जमत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

मी भोरच्या एका कॉलेजात शिकवते. दोन खोल्यांत एकटी राहते. आमचं घर वरवे बुद्रुकचं. आमच्या वस्तीतली पहिली पीएच.डी. मी. विहारात धम्मवर्गाला येणाऱ्या मुलींना अजून माझं उदाहरण देतात. मी खाली मान घालून ऐकते आणि लोकांना तो विनय वाटतो.

माझं संशोधन एका वेलीच्या पाल्यावर होतं. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. कुणी वाचून ती उकळून प्यायला लागू नये, म्हणून.

ती वेल मला तारामावशीनं दाखवली. तारामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, विंझरला दिलेली. काका लवकर गेले. तिनं भाताची खाचरं एकटीनं कसली आणि रेखाला, तिच्या एकुलत्या एक मुलीला, वाढवलं. गळू झालं, गाठ आली की विंझरच्या बायका तिच्याकडं यायच्या आणि ती ओढ्याकाठच्या या वेलीचा पाला वाटून द्यायची. विषय शोधत मी तिच्याकडं गेले, तेव्हा दिवसभर मला घेऊन ओढ्यानं हिंडली. पिशवी भरून पाला दिला. पुण्याला निघाले तर म्हणाली, "लागंल तवा सांग. म्या धाडते."

आणि खरंच धाडायची. तीन वर्षं, एस.टी.च्या कंडक्टरबरोबर, ओल्या फडक्यात बांधून.

प्रयोगशाळेत मी काय करत होते, ते साध्या शब्दांत सांगते. कर्करोगाच्या पेशी साखरेला हावरट असतात. भराभर साखर खातात आणि भराभर आम्ल टाकतात. त्यांना ज्या गुलाबी द्रवात वाढवतो, तो त्या आम्लानं पिवळा पडत जातो. एका सकाळी मी कपाट उघडलं, तर पाल्याचा अर्क घातलेल्या बश्या गुलाबीच होत्या. शेजारच्या, अर्क न घातलेल्या, पिवळ्याजर्द. पेशींनी साखर खाणं सोडलं होतं. मरत होत्या. मी प्रयोग तीनदा केला. तिन्हीदा तेच. त्या दिवशी पहिला फोन मी मावशीला केला. आईला नाही — मावशीला. तिला सगळं कळलं नाही, पण ती फोनवर रडली.

पुढं काय झालं, ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

पुढं मी तोच अर्क निरोगी पेशींवर घातला. करावंच लागतं, त्याशिवाय काही सिद्ध होत नाही. त्या पेशीही मेल्या. तेवढ्याच. पाला रोग ओळखत नव्हता, समोर येईल ते मारत होता. शिवाय बशीतल्या अर्काची ताकद रक्तात यायची, तर माणसाला किती काढा प्यावा लागेल याचा हिशेब मी मांडला. ते माणसाच्या पोटाचं काम नव्हतं. माझे मार्गदर्शक म्हणाले, नकार हासुद्धा निष्कर्षच असतो, स्पष्ट लिहा. मी लिहिलं. प्रबंधात आहे ते, इंग्रजीत, शेवटून दुसऱ्या प्रकरणात. तिथं मी काहीही लपवलेलं नाही.

मराठीत लपवलं. ज्यांना इंग्रजी प्रबंध कधी दिसणार नव्हता, त्यांच्यापासून लपवलं.

पदवी मिळाल्यावर विंझरच्या शाळेत माझा सत्कार झाला. वर्गांमधलं पार्टिशन काढून हॉल केला होता. बायका सतरंजीवर, पुढच्या रांगेत मावशी, नव्या लुगड्यात. मला बोलायला सांगितलं. मी गुलाबी बश्यांबद्दल बोलले. कर्करोगाच्या पेशी या पाल्यानं उपाशी मरतात, म्हणाले. तुमच्या ओढ्याकाठचा पाला, म्हणाले. टाळ्या पडल्या. निरोगी पेशींचं वाक्य माझ्या जिभेवर होतं — होतं, हे मी शपथेवर सांगते — आणि मी ते गिळलं. का? सगळे माझ्याकडं असे बघत होते, म्हणून. दुसरं कारण नाही.

ते तिथंच राहिलं असतं, तर आज मी हे लिहायला बसले नसते. भाषणात थोडं वाढवून कोण बोलत नाही?

पण सत्कारानंतर मावशी मला घरी घेऊन गेली. मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. खांद्यावर शाल तशीच होती माझ्या. तिनं चोळीची बटणं सोडली, माझा हात धरला आणि डाव्या छातीवर ठेवला.

"ह्ये बग. दुखत न्हाई. म्हणून म्या कुनाला बोलले न्हाई. रेखालाबी न्हाई."

सुपारीएवढी होती. टणक. बोटाखाली हलत नव्हती. मी डॉक्टर नाही, पण पाच वर्षं याच रोगाबद्दल वाचत होते. माझ्या बोटांना कळलं.

"तुज्या पाल्यानं जाईल न्हवं, सुजे?"

तिनं 'तुज्या' म्हटलं. पाला तिचा होता. तिच्या ओढ्याचा, तिनं दाखवलेला, तीन वर्षं तिनं पाठवलेला — आणि ती तो मला देऊन मोकळी झाली होती.

मी काय म्हणायला हवं होतं? 'उद्या माझ्याबरोबर पुण्याला चल.' एवढंच. ते म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं, 'मग शाळेत तू बोललीस ते?' बस. त्या एका प्रश्नाला मी भ्याले. आत्ता, तासाभरापूर्वी मिळालेलं सगळं तिच्यासमोर परत करावं लागलं असतं.

मी म्हणाले, "घेऊन बघ. अपाय तर काही नाही त्यानं."

अपाय नाही! मी, जिनं स्वतःच्या हातानं निरोगी पेशी मरताना मोजल्या होत्या. डॉक्टरांनाही एकदा दाखव, असं पुढं पुटपुटले. पण किती हळू, ते मला माहीत आहे. ऐकू जाऊ नये इतकं हळू.

मावशी बटणं लावत हसली. तिच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती.

त्यानंतर मी आठ महिने विंझरला गेले नाही. भोरहून नसरापूरला गाडी बदलली की विंझर — काय लांब आहे? पेपर तपासायचे आहेत, परीक्षा आहेत, असं सांगत राहिले. मावशीचा फोन यायचा. "रोज सकाळी पेते. लई कडू. पर कमी वाटतंय बग." मी "बरं" म्हणायचे. कमी होत नसणार, हे मला ठाऊक होतं. तिला बरं वाटतंय म्हणून बरं वाटून घ्यायचे. तुम्ही विचाराल, आठ महिन्यांत एकदाही फोन उचलून खरं सांगावंसं वाटलं नाही? वाटलं. पण दर महिन्याला सांगायच्या गोष्टीत एक महिन्याची भर पडत होती.

शेवटी रेखानंच पाहिलं. मावशीला न्हाऊ घालताना. दुसऱ्या दिवशी ती तिला पुण्याला घेऊन गेली आणि मला फोन केला, तुला यातलं कळतं, तू ये. मी गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि जरा चिडूनच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

मावशीनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं.

"मला कळलंच न्हाई वो," ती म्हणाली.

रेखा शेजारीच उभी होती. मी तोंड उघडलं नाही.

मावशीनं असं का सांगितलं? मला वाचवायला? म्हणजे तिला तेव्हा सगळं उमगलं होतं? की पाला उकळून पीत होते हे सांगायची तिला लाज वाटली? मला माहीत नाही. विचारायला माझ्याकडं चार महिने होते. तपासलं तोवरच रोग यकृतात गेला होता. ती दवाखान्यातून घरी आल्यावर मी दर रविवारी जायचे. तिचे पाय चेपायचे, भाताची पेज भरवायचे. रेखा शेजारणींना सांगायची, पोटच्या पोरीसारखं करतेय सुजाता. एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मावशीनं विचारलं, "त्या पाल्याचं म्होरं करतीस न्हवं?"

"करते," मी म्हणाले. काम तर मी कधीच सोडलं होतं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी ती गेली.

आता एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते मागच्याच महिन्यातलं आहे. रेखाच्या घरी गेले होते. ओसरीवर पाला वाळत घातला होता. तोच. रेखा म्हणाली, आंबवण्याकडच्या एक बाई येऊन घेऊन जातात, त्यांच्या सुनेला गाठ आहे. "आईचा त्याच्यावर केवढा भरवसा होता. तूच तर शोध लावलास," ती म्हणाली.

मी म्हणाले, "देऊ नकोस. आता नव्या संशोधनात कळलंय, त्यानं फायदा होत नाही. तिला आजच्या आज पुण्याला पाठव." रेखानं लगेच त्या बाईंना फोन लावला. सून दवाखान्यात गेली, तिचे उपचार सुरू झाले आहेत. फोन ठेवल्यावर रेखानं माझा हात हातात घेतला. "बरं झालं बाई, तू आलीस. आईच्या येळला हे कुनाला ठावं होतं?"

मी चहा प्यायले आणि निघाले.

नवं संशोधन काही नव्हतं, रेखा. आईच्या वेळेला ते मला ठाऊक होतं. त्या मागच्या खोलीत तिची गाठ माझ्या बोटांखाली होती, तेव्हाही ठाऊक होतं. तिनं मला विचारलं, आणि मी तिला खोटं सांगितलं.