तपासणीचा तुकडा

कुठलीही वस्तू हातात आली की तो ती उजेडाकडे धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि निकाल दिल्यासारखा म्हणायचा, “बराबर न्हाई.” मग ती वस्तू कानशीने घासलेला लोखंडाचा तुकडा असो, पितळी ताटली असो, नाहीतर खानसाम्याने थापलेली भाकरी असो. मला त्या मिटलेल्या डोळ्याचा भयंकर राग यायचा. सगळं जग वाकडंतिकडं चाललेलं, आणि चौदा वर्षांच्या या पोराने एक डोळा मिटून ते तपासत बसायचं, हा मला निव्वळ आगाऊपणा वाटायचा. असली माणसं तुमच्याही ओळखीची असतील. तुम्हीही त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. घातल्या नसतील तर तुम्ही फार सज्जन आहात, आणि तुमचं-माझं जमायचं नाही.

तो राजूरचा, मी तीर्थपुरीचा. लढाईच्या वर्षांत जालन्याच्या छावणीत लष्कराने पोरांसाठी कारागिरीची एक शाळा काढली होती, तिथे आम्ही एकत्र आलो. शाळा हा फार मोठा शब्द झाला. पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात दोन रांगांनी टेबलं, प्रत्येक टेबलाला तुकडा आवळून धरणारी लोखंडी पकड, आणि प्रत्येक पकडीमागे खाकी चड्डीतलं एक पोरगं. पण दोन वेळचं जेवण, अंगभर कपडे आणि पुढे कारखान्यात नोकरी असा वायदा होता, त्यामुळे आमच्या बापांना ते विद्यापीठच वाटायचं. माझ्या बापाने मला पोचवताना एवढंच सांगितलं होतं, “तिथून हाकललं तर तोंड घिऊन इकडं येऊ न्हको.”

आमचे उस्ताद पलटणीतून पेन्शनीत निघालेले. मिशांना तेल आणि कानशींना गंज. त्यांना शिकवायचा कंटाळा होता आणि ओरडायची हौस.

पहिला धडा म्हणजे ओबडधोबड लोखंड घासून त्याचा चौकोनी ठोकळा करायचा. काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरला की मधून उजेड दिसता कामा नये. आम्ही सगळ्यांनी तीन आठवड्यांत जमतील तसे ठोकळे करून दिले. उजेड थोडाफार दिसायचा, पण उस्तादांची नजर अधू होती, आमचं भागायचं. हा मात्र घासतोच आहे. एक बाजू सरळ झाली की दुसरी त्याच्या डोळ्यांत खुपायची. महिना उलटल्यावर उस्तादांनी विचारलं, “क्या रे, तेरा टुकड़ा किधर है?”

त्याने खिशातून काढून तळहातावर ठेवला. दिलं होतं साबणाच्या वडीएवढं लोखंड, उरलं होतं बोराएवढं.

“पूरा लोहा खा गया क्या रे तू?”

“अब बराबर है, उस्ताद.”

उस्तादांनी त्याच्या कानाखाली आवाज काढला. मात्र तो बोराएवढा ठोकळा त्यांनी नंतर गुण्या लावून दोनदा पाहिला. कुठूनही उजेड येत नव्हता.

कवायतीत एकदा हवालदार ओरडला की रांग वाकडी आहे. याने सांगितलं की रांग सरळ आहे, तुम्हीच तिरपे उभे आहात. आख्ख्या रांगेला मैदानाच्या सात फेऱ्या पडल्या. धापा टाकत मी त्याला म्हटलं, “गप बसायला तुला काय होतं रे?”

“तिरपा उभा होता ना पर त्यो?”

“होता.”

“मंग?”

या ‘मंग’ला माझ्याकडे कधीच उत्तर नसायचं, आणि म्हणूनच तो मला आणखी मूर्ख वाटायचा.

मला एकदा हिवतापाने धरलं. बाकीची पोरं लांबून चौकशी करून गेली. हा तीन दिवस उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होता. पण ठेवायचा कशा? फडकं पिळून, झटकून, टोकाला टोक जुळवून. तोपर्यंत माझ्या कपाळाची चूल झालेली. मी तापात करवादलो, “ठेव की लवकर! घडी काय बघतो?”

“थांब जरा,” तो म्हणाला. “वाकडी बसली तर पाणी डोळ्यात जाईल.”

पाणी एकदाही डोळ्यात गेलं नाही. त्याचे उपकार मानायचं सोडून मी बरा झाल्यावर सगळ्या शेडला त्याची नक्कल करून दाखवली. एक डोळा मिटून फडक्याची घडी तपासणारा तो, असा मी हुबेहूब करायचो. पोरं पोट धरून हसायची. तोही हसायचा, आणि म्हणायचा की मी चुकीचा डोळा मिटला.

माझा त्याच्यावर जीव होता. हे एवढं वाक्य कागदावर उतरायला मला आयुष्य लागलं, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

आता तपासणीचं सांगतो. सहा महिन्यांतून एकदा मोठा गोरा साहेब शाळा बघायला यायचा. त्या दिवसाची आमच्याकडे एक रीत होती. उस्तादांनी कधीकाळी स्वतः केलेले गुळगुळीत तुकडे तेलाच्या फडक्यांत गुंडाळून एका पेटीत ठेवलेले असत. तपासणीच्या सकाळी ते बाहेर निघायचे आणि पोरांच्या पकडींत बसायचे. आम्हाला त्या दिवसापुरत्या झिजून बोथट झालेल्या कानशी मिळायच्या, म्हणजे आवाज व्हावा पण लोखंड निघू नये. डब्यात साठवलेला लोखंडाचा कीस टेबलांखाली मुठीमुठीने पसरला जायचा. साहेब यायचा, ‘शाबास’ म्हणायचा, निघून जायचा. कीस झाडून पुन्हा डब्यात, तुकडे पुन्हा पेटीत. त्याच तुकड्यांवर किती साहेब खूश होऊन गेले असतील, देव जाणे. लढाई जिंकायला निघालेलं सरकार ते हेच!

त्या वर्षी पेटीतला मानाचा ऐवज आमच्या दोघांच्या वाट्याला आला. माझ्या पकडीत चौकोनी भोकाची जाड पट्टी, आणि शेजारी त्याच्या पकडीत त्या भोकात बसणारा ठोकळा. ठोकळा भोकात सरकवला की असा घट्ट बसायचा, की पट्टी उलटी केली तरी पडायचा नाही. उस्ताद दर तपासणीला साहेबासमोर हा खेळ करून दाखवायचे.

साहेब यायला थोडा वेळ होता. याने ठोकळ्याला गुण्या लावला, उजेडाकडे धरला, डोळा मिटला.

“बराबर न्हाई.”

“गप बस,” मी म्हणालो.

“येक बाजू वाकडी हाय. केसभर. उस्तादायनं असा का म्हून ठिवला?”

खरी गोष्ट अशी, की माझ्या पट्टीतलं भोकही तेवढंच वाकडं होतं. उस्तादांचा ठोकळा चुकला होता, म्हणून त्यांनी भोकही त्याला जुळेल असं चुकीचं केलं होतं. वाकड्यात वाकडं चपखल बसलं होतं. दुसऱ्या कुणालाही हे लगेच कळलं असतं. पण चूक लपवायला माणूस मुद्दाम दुसरी चूक करतो, हे याच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. त्याने ती बोथट कानस बाजूला ठेवली, खणातून स्वतःची धारेची काढली आणि घासायला लागला. मी त्याला अडवलं नाही. मला वाटलं, खाऊ दे मार.

साहेब आत आला तेव्हा आख्ख्या शेडमध्ये खरं काम करणारा तो एकटाच होता. साहजिकच साहेब त्याच्याचसमोर थांबला. उस्तादांनी ऐटीत ठोकळा सोडवला, माझी पट्टी घेतली, ठोकळा भोकात सरकवला आणि पट्टी उलटी केली. ठोकळा टणकन खाली पडला आणि साहेबाच्या बुटाशी जाऊन थांबला.

साहेबाने तो उचलला. “ये तुम बनाया?”

“नहीं साहब,” हा सावधान उभा राहून म्हणाला. “उस्ताद ने बनाया. टेढ़ा था. मैंने बराबर किया.”

उस्ताद आधी पांढरे पडले, मग लाल झाले. म्हणाले, पोरगा झूठ बोलतोय. स्वतः केलेलं काम बिघडवलं आणि वर उस्तादावर ढकलतोय. साहेबाने दोघांकडे पाहिलं आणि मग तो माझ्याकडे वळला. शेजारच्या पकडीवर मीच होतो, पट्टीही माझीच.

“तुम बोलो. किसने बनाया?”

उस्ताद माझ्याकडे रोखून बघत होते. मला बापाचं बोलणं आठवलं. हा मात्र माझ्याकडे बघतही नव्हता. समोर नजर लावून अगदी निवांत उभा होता. मी काय बोलेन याची त्याला काळजीच नव्हती. खरं काय ते मला ठाऊक होतं, मंग मी दुसरं काय बोलणार?

“इसने बनाया, साहब,” मी म्हणालो. “सब इसने बनाया.”

त्याला शाळेतून काढलं. कारण काय, तर खोटं बोलला! आणि मी त्या वर्षीचा आदर्श विद्यार्थी ठरलो. उस्तादांनी स्वतः माझं नाव सुचवलं. सगळ्या शाळेसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. बहुतेक त्यांनाही लाज वाटत असावी, पण दोन निर्लज्जांनी एकमेकांची लाज मोजण्यात अर्थ नाही.

तो निघाला त्या दुपारी मी फाटकापर्यंत गेलो. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयारी करूनच गेलो होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला जरा बरंही वाटलं असतं. त्याने पत्र्याची पेटी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “कानस ढकलताना तुहा हात झुलून राह्यला. त्यानं तुकडा मधी फुगतो. तेवढं ध्यानात ठिव.”

पेटी उचलून तो राजूरच्या रस्त्याला लागला. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

लढाई संपली, शाळाही उठली. मला कारखान्यात नोकरी लागली. हात झुलायचा थांबला आणि मी चांगला कारागीर झालो. तीन वर्षांनी राजूरच्या बाजूला एका जमीनदाराच्या विहिरीवर इंजिन बसवायचं काम निघालं आणि मला पाठवलं. त्याची माफी मागायला मी मुद्दाम गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. गेलो तो कामासाठी. काम एक दिवस आधी संपलं म्हणून गावात शिरलो.

गणपतीच्या देवळाजवळ एका दुकानदाराला त्याचं घर विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

“त्यो गेला की. मागल्या भादव्यात. तापानं.” मग दुकानाच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, “हे दार त्यानंच बसवलंय. येक बोट लावा, आवाज न करता मिटतंय. गावात कुणाचंबी काही मोडलं तर त्याच्याचकडं जायाचे लोक. तुमी कोण त्याचे?”

मी पुन्हा घराचंच विचारलं. दुकानदाराने दाखवलं आणि मी तिकडे गेलो.

त्याची आई ओसरीवर डाळ निवडत होती. मी म्हटलं, “मावशी, मी तुमच्या मुलाबरोबर छावणीतल्या शाळेत होतो. तीर्थपुरीचा.”

तिच्या हातातलं सूप तिथंच राहिलं. “तीर्थपुरीचा? तूच का त्यो?” ती उठली आणि तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. “बस लेकरा, बस. तुही लई वाट पाह्यली मी.”

मला वाटलं, आता मात्र हिशेब होणार.

ती म्हणाली, “त्यो घरी आल्ता तवा मी लई रागावले. म्हणलं, लोकायची लेकरं नोकरीला लागतेत अन् तुला हाकलून देलं. मंग त्यानं सांगितलं समदं. म्हणला, माय, सारी शाळा गप राह्यली, पर तीर्थपुरीचा गडी साहेबाच्या तोंडावर खरं बोलला. येकटा त्योच माह्या बाजूनं उभा राह्यला. साहेबानं ऐकलं न्हाई, त्याला त्यो काय करीन?” तिने पदराने डोळे पुसले. “मला त्याचंच लई बरं वाटतं बघ. माहं पोरगं तिथं येकलं नव्हतं.”

केसभर वाकड्यासाठी ज्याने शाळा गमावली, त्याने आईला हे धडधडीत खोटं सांगितलं होतं. त्याला खोटं बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. मूर्ख लेकाचा! एवढं येत होतं तर तपासणीच्या दिवशी बोलायचं, स्वतःसाठी बोलायचं. माझ्यासारख्या नादान माणसावर कशाला वाया घालवलं?

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण ‘येकलं नव्हतं’ म्हणताना तिचा चेहरा जो झाला होता, तो माझ्यासमोर तसाच होता. मी तोंड मिटलं.

“त्या साहेबाला काय म्हणला रे तू?” तिने विचारलं. “त्यानं सांगितल्तं, पर मला तुह्या तोंडून ऐकायचंय.”

मी सरळ बसलो आणि शेडमध्ये बोलायला हवं होतं तसं, मोठ्याने म्हणालो, “मी म्हणालो, साहेब, हा खरं बोलतोय. तुकडा उस्तादांचा आहे. वाकडा होता, याने सरळ केला.”

ती डोळे मिटून ऐकत होती.

“अजून येकदा सांग,” ती म्हणाली.

मी अजून एकदा सांगितलं.